सव्वा तासाचं अंतर आणि तुझा कोट

चि. धाकट्या साहेबांस,

दादाचे आशीर्वाद, झेपतील तेवढे घ्यावेत. तुझी तब्येत ठणठणीत असणारच. फोन उचलायला सवड नसलेल्या माणसाला आजारी पडायला वेळ कुठला! इकडे मी बरा, तुझी वहिनी बरी (माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे चांगलीच बरी). आईचे गुडघे तिला जिन्यापर्यंतही नेत नाहीत. पण तू कधी येणार हे विचारायला गुडघे लागत नाहीत, त्यामुळे ते रोज चालू असतं.

तुझ्या सत्कारासाठी शिवलेल्या कोटाची ट्रायल द्यायला ये म्हटलं, तर तू म्हणालास, "तूच घेऊन ये ना दादा, विमानाने सव्वा तासाचं तर अंतर!" धन्य आहे तुझी. अरे बाबा, तो सव्वा तास नुसता हवेतला. कोट शिवायला किती वेळ लागतो, तर बटण लावण्यापुरता, असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो माझी गचांडी धरेल. विमानतळ गावाबाहेर, दोन बस बदलून गेलो. दुसरीत तर कोट डोक्यावर धरून उभा होतो (त्याला सुरकुती पडली नाही, माझी इस्त्री मोडली, पण मला कोण विचारतो).

दारात शिपाई म्हणाला, ओळखपत्र दाखवा. आता तुझ्या वहिनीची रीत तुला ठाऊकच आहे. प्रवासाला निघताना मोलाच्या वस्तू जाकिटाच्या आतल्या खिशात घालायच्या आणि खिशाचं तोंडच शिवून टाकायचं. चोराची काय बिशाद! मालकाचीही नाही. ओळखपत्र खिशात, कात्री बॅगेत, बॅगेला कुलूप आणि किल्ली कुठे, तर ओळखपत्राच्या शेजारी. दातांनी तोडायला गेलो, पण टाके पडले आपल्या दुकानाचे आणि दात माझ्या वयाचे. मागची रांग आधी कुरकुरली, मग मजा बघू लागली. शेवटी एका बाईंनी नेलकटर दिलं. नेलकटरने दुहेरी टाके उसवणं काय असतं हे तुला कळायचं नाही. दुकानात बसवलं की तू गोष्टींची पुस्तकं वाचायचास. ओळखपत्र हाती आलं तेव्हा विमान उडालेलं होतं. ते सव्वा तासात पोचलंही असेल, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी कोट घेऊन परत आलो. वहिनी म्हणाली, टाके मात्र आपणहून सुटले नाहीत ना?

तुझा,
फाटक्या जाकिटातला दादा

ता. क. कोटाच्या बाह्या नुसत्या टाचल्या आहेत. तुझ्या अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्क्या होणार नाहीत.

आणखी ता. क. काउंटरवरची मुलगी म्हणाली होती, काका, संध्याकाळच्या विमानात जागा आहे. मीच नको म्हणालो. कोट तिकडे पोचला असता, तर तू इकडे कशाला आला असतास? आई थकलीय रे. तू येतोयस असं मी तिला सांगून बसलोय. मला खोटं पाडू नकोस.