जाळायचा राहिलेला मुखवटा

दहिवली, ५ डिसेंबर १९२७

आज शेठच्या बंगल्यावर राखणदार म्हणून रुजू झालो. नदी हाकेच्या अंतरावर, विहिरीला गोड पाणी आणि शेठ बाराही महिने मुंबईला; म्हणजे मालक मीच! पुढच्या आठवड्यात बायको येसू पोरीला घेऊन खालापूरहून येईल. मी गाल फुगवले की गौरा हसून हसून लोळते. तिच्यासाठी रोज माकड व्हायची माझी तयारी आहे.

दिवाणखान्यात शेठने कोरियाहून आणलेला मुखवटा टांगलाय. वाळक्या भोपळ्याचा, तांबडा, ओठ घट्ट मिटलेले. तिकडे असे मुखवटे घालून नाचतात. गावाची इडापिडा त्यांच्यात शिरते म्हणे, म्हणून नाच संपला की जाळून टाकतात. हा शेठने आगीतून ओढून काढला. शेठची हौस, दुसरं काय.

८ डिसेंबर

ठाकरवाडीची ठमी झाडलोटीला येते. मुखवटा बघताच तिने हात जोडले. तिच्या वाडीत सोंगाचे मुखवटे पुजतात, जाळणं त्यांना पाप वाटतं. तिने कुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाली, "पुजल्यालं सोंग रिकामं ठेवू नाय, दादा. घरच्या बाप्यानं एकदा घालावं."

मला गंमत वाटली. घातला. आत धुराचा वास होता, पण चेहऱ्याला बेतल्यासारखा बसला.

१० डिसेंबर

गाल बधिर झालेत. दाढी करताना कापलं, ते आरशात रक्त दिसल्यावर कळलं. थंडी असेल.

१३ डिसेंबर

ठमीने विचारलं, रागावलात का. मी तर हसत होतो. आरशात पाहिलं — ओठ घट्ट मिटलेले. भिंतीवरच्याचे थोडे उघडलेत. भीती वाटायला हवी. वाटत नाही.

१५ डिसेंबर

येसू आली. मला बघून गौरा किंचाळली, आईच्या पदरात शिरली. गाल फुगवायला गेलो — फुगेनात. मग तिची नजर भिंतीकडे गेली. हसली. हात पसरून 'बाबा' म्हणाली.

मुखवट्याचे गाल फुगले होते.

१६ डिसेंबर

पोर भिंतीखालून हलत नाही. जेवतेही तिथेच. येसूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जाळायची वस्तू जाळायलाच हवी होती. ठमी रडत म्हणाली, "जाळू नका, बाय. दादा आता त्याच्यातच हाय."

मीच म्हटलं, जाळ. गौराला त्यातलं काही लागण्याआधी —

१७ डिसेंबर

येसूने चूल पेटवली. गौरा 'बाबा, बाबा' करून तिकडे झेपावतेय, ठमीने तिला धरलंय. आत टाकला. माझे गाल बधिरच. काहीच लागत नाही. नुसता वास — केस जळाल्याचा — येसू माझ्याकडे बघून का ओर