फ्रीजमधला लगदा

विश्रांतवाडी, ६ जानेवारी २०२५

तीन रविवार भरलं वांगं करून वाट बघितली आणि बुधवारपर्यंत एकटीच खात बसले. फोन तर तू उचलतच नाहीस. आता हे पत्र तरी वाचशील, की तेही कचऱ्यात टाकशील?

चि. उत्कर्षास आजीचे आशीर्वाद. राग आधी लिहिला, नाहीतर विसरायचे.

शेजारचे हमीदभाई रोज सदाशिव पेठेवरून दुकानात जातात, त्यांच्या हाती हे देते. दिवाळीत तुमच्या प्रयोगशाळेचा फ्रीज बिघडला म्हणून तुझा तो पांढरा लगदा माझ्या दह्याच्या जागी आठवडाभर ठेवलास, तेव्हा गोड बोलत होतीस. आता काय झालं? जेवतेस ना? तब्येत सांभाळ, माया आहेच.

तुझी आजी

सदाशिव पेठ, ८ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न.

रागावू नकोस, दमले आहे. लाकडाचा लगदा पाण्यात ढवळायचा, औषध घालून ब्लीच थेंबथेंब सोडायचं, आंबटपणा वाढू नये म्हणून वर कॉस्टिक सोड्याचं पाणी. हे तासन्‌तास. मग धुऊन मिक्सरमधून काढला की डोळ्याला न दिसणारे धागे सुटतात आणि काचेसारखी जेली होते. तुझ्याकडे ठेवलेल्या त्याच लगद्याची माझी अकरा वेळा दुधासारखीच झाली. सर म्हणतात, हात कच्चा आहे. शुक्रवारी संशोधनाचा विषय सोडते असं लिहून देणार आहे.

लगदा एकदाही वाळू द्यायचा नसतो. वाळला की धागे एकमेकांना कायमचे चिकटतात. तेवढं तरी मी सांभाळलं.

तुझी, उत्कर्षा

विश्रांतवाडी, ९ जानेवारी

चि. उत्कर्षास,

काही लिहून देऊ नकोस. तुझा लगदा मी वाळवला.

तू नागपूरला आईकडे गेलीस, इकडे त्याला कुबट वास यायला लागला. ओली वस्तू उन्हात घातल्याशिवाय टिकत नाही, एवढंच मला ठाऊक. डब्यावर इंग्रजीत काय लिहिलं होतं ते मला कुठलं वाचायला? दोन दिवस गच्चीवर पसरला. कुरडईसारखा कडक झाला, तशी घाबरले. पाणी घालून कालवला आणि परत डब्यात भरला. तुला कळलं नाही, मीही बोलले नाही. वाळलेल्या भाकरीचं भिजवून पुन्हा पीठ होत नाही, हे मला कळायला हवं होतं.

एक वाळका तुकडा कठड्याशी पडून राहिला होता, तो सोबत देते. सरांना म्हणावं, भिजवा किती भिजवायचा तो. नवा ओला लगदा आण आणि बारावी खेप कर. फ्रीज माझा मिळणार नाही.

रडत बसू नकोस. मी बसलेले नाही.

हे पत्र उद्या सरांपुढे ठेव. आणि उत्तर तू लिहायचं नाहीस. कच्चा हात कुणाचा होता, ते त्यांनी त्यांच्या हाताने मला लिहून कळवायचं, मराठीत.

तुझी आजी, सुशीलाबाई