पिवळ्या नळ्या

९ ऑगस्ट, सकाळ

चि. चिमणे,

आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघ्यांना विचारशील तर ते वेगळंच सांगतील.

तुझं तिसरं पत्र आलं. "काका, जुनी रजिस्टरं पाठवताय, की मी येऊन कपाट फोडू?" फोड, बाई! चार दिवस मी तीच उपसतोय, शिंकतोय, चिडतोय. दोनदा चष्मा आपटला. बिचाऱ्या चष्म्याचा काय दोष!

प्रसूतिगृहाच्या जिन्याखाली आमची प्रयोगशाळा होती. गर्भारपणात बायकांचा रक्तदाब चढे, अंग सुजे, झटके येत. आम्ही त्याला टॉक्सिमिया म्हणायचो. मोठ्या डॉक्टरीणबाईंना वाटे, ब जीवनसत्त्वाने तो टळेल. निम्म्या जणींना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना खोट्या. कुणाला कुठल्या, ते बाईंच्या बंद पाकिटात. माझं काम लघवी तपासण्याचं. नळी ज्योतीवर धरायची. आत पांढरा ढग उठला की दुखणं आलंच. तोवर मी शाळेतल्या कविता पुटपुटायचो. त्यांतले ढग किती हवेहवेसे असायचे! बाई ओरडत, "अहो कवी, नळी तडकेल!"

तू लिहितेस, आमच्यासारखे आकडे पुन्हा कुणालाच मिळाले नाहीत, तरी आता तू आमच्याच आकड्यांच्या जोरावर दोनशे जणींना गोळ्या देणार. बाईही शेवटपर्यंत म्हणत, "बाकीच्यांना मोजता येत नाही." मी मान डोलवायचो. वर्षानुवर्षं नुसती मान!

चिमणे, ते जीवनसत्त्व लघवी पिवळीधमक करतं. पाकीट बंद होतं, पण नळी बोलायची. पहिल्याच आठवड्यात मला कळलं, खऱ्या गोळ्या कुणाला आहेत ते. पिवळ्या नळीत जरा धूसर दिसलं, की मी ती खिडकीशी धरायचो, पुन्हा धरायचो, आणि रजिस्टरात "नाही" लिहायचो. तुझी काकू याच दुखण्याने गेली, सातव्या महिन्यात. तू तिला पाहिलं नाहीस. मला ते औषध लागू पडायलाच हवं होतं गं.

एक शिवणकाम करणारी यायची. माझ्या कवितांना खुदखुदायची. एके दिवशी म्हणाली, "भाऊ, आज अंगठीच निघेना बोटातून." मी तिची नळी पाहिली. "नाही" लिहिलं. त्या अक्षरावर विसंबून बाईंनी तिला घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी झटके येत असताना तिला उचलून आणलं.

बाळ वाचलं.

रजिस्टरं पाठवतोय. पेन्सिलीने खुणा केल्यात त्या एकेचाळीस ओळी खोट्या आहेत. शिवणवालीची ओळ दुसऱ्या वहीत आहे, तिच्यावर खूण दोनदा झालीय. तुझा अभ्यास जरूर कर, पण माझ्या आकड्यांच्या भरवशावर एकीलाही गोळी देऊ नकोस. आणि नळी बघणाऱ्याला पिवळ्या काचेचा चष्मा दे, म्हणजे त्याला सगळ्याच नळ्या पिवळ्या दिसतील. तो कितीही भला माणूस असला तरी दे.

बाईंना लोक खोटारड्या म्हणाले. तो शब्द त्यांच्या नावापुढून काढ, माझ्या नावापुढे लाव. मी इथेच आहे, हे पत्र कुणालाही दाखव.

"नाही" लिहिणारा,
तुझा काका