चूर्ण शुद्ध होतं

नागपूर,
२६ ऑक्टोबर

प्रिय भारतीताई,

भिलाईहून तुझा फोन आला की मी "बापूजी बरे आहेत" एवढंच सांगते आणि फोन पंकजदादाकडे देते. तुझ्या ते लक्षात आलंय. परवा तू विचारलंसच, "शामला, तू माह्याशी बोलून काहून नाही राहिली वं?" ताई, फोनवर मला जमत नाही. तू मधेच काही विचारतेस, मला रडू येतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून आज लिहायला बसले. दुपारची वेळ आहे, बापूजींना डोळा लागलाय, आणि मी इस्पितळात त्यांच्या खाटेशी स्टुलावर बसून मांडीवर वही घेतली आहे.

आधी तब्येतीचं सांगते. जखम कोरडी होत आली आहे. ताप नाही. इन्सुलिन नर्सच देते, त्यामुळे साखर आता आटोक्यात आहे. डावा पाय गुडघ्याखाली नाही, हे त्यांना झोपेतून उठल्याबरोबर आठवत नाही. ते दोन्ही पाय खाली सोडायला जातात आणि मग थांबतात. रडत नाहीत. "अरे हो," म्हणतात, जसं काही चष्मा घरी राहिला. त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नाही.

आता मूळ गोष्ट. माझं हिंगण्याच्या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यातलं काम नक्की काय, ते तू कधी विचारलं नाहीस. बापूजींनी मात्र खोदून खोदून विचारलं होतं. गेल्या वर्षी दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते म्हणून मी त्यांना घेऊन गेले होते. नवं धोतर नेसून कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. आधी त्यांना गोदाम दाखवलं. माल आला की पोत्यांवर पिवळी चिठ्ठी लागते, म्हणजे तपासणी बाकी. मग आम्ही पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून नमुना काढतो, कारण व्यापारी चांगला माल वर ठेवतो. नमुना भट्टीत जाळून राख तोलायची, ती आम्लात टाकायची, आणि त्यातही जे विरघळत नाही ती वाळू. काचेच्या पट्टीवर अर्क चढवून दिव्याखाली रंगांचे पट्टे बघायचे, म्हणजे गुडमार म्हणून दुसराच कुठला पाला आलाय का ते कळतं. बुरशीसाठी बश्या पाच दिवस उबेत ठेवायच्या. शिसं, पारा बघायला नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो. सगळं जमलं तर हिरवी चिठ्ठी, नाही तर लाल. मगच ते जांभळाचं बी, गुडमार, मेथी धुऊन, वाळवून, दळून, चाळून डब्यात जातं. डबा बाहेर पडण्याआधी पुन्हा एकदा तपासणी, आणि त्या कागदावर शेवटची सही माझी.

त्या दिवशी लाल चिठ्ठीची सात पोती बाजूला पडली होती. इतवारीच्या एका व्यापाऱ्याचा माल, आतून ओलसर. बापूजींनी विचारलं, "हे तू वापस केलं?" मी हो म्हटलं. "मालक काही नाही म्हणाला?" मी म्हटलं, नाही, माझ्या सहीशिवाय माल हलतच नाही. ताई, चाळीस वर्षं ज्या माणसानं हातमागावर लुगडी विणली आणि विणकर सोसायटीच्या बाबूनं उजेडात धरून "इथे तार सुटला" म्हटलं की मान खाली घालून ऐकून घेतलं, त्या माणसाची मुलगी आता दुसऱ्याचा माल परत पाठवत होती. परतताना बसमध्ये ते माझा हात धरून बसले. तो आनंद मी कधी विसरणार नाही.

त्याच दिवाळीपासून ते आमचं मधुमेहावरचं चूर्ण घ्यायला लागले. मीच डबा आणून दिला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच, त्याच्या जोडीला हेही, असं मी सांगितलं होतं. शिवाय रोज संध्याकाळी नंदनवनच्या बागेत फिरायला जायला लागले. जानेवारीत तपासलं तर साखर बारा वर्षांत नव्हती एवढी खाली आली होती. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "तुह्या चूर्णानंच ना वं?"

ताई, आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला ठाऊक नव्हतं कशानं उतरली. गोळ्यांनी असेल, फिरण्यानं असेल, चूर्णानंही थोडी असेल. चूर्णात वाळू किती हे मी सांगू शकते. त्यानं किती साखर उतरते हे मी कधीच तपासलं नाही, ते माझं कामच नाही. पण त्यांचं तोंड इतकं फुललेलं होतं. मी म्हटलं, "हो बापूजी, आमच्याच चूर्णानं."

मी एवढंच बोलले.

मार्चमध्ये वैभवीवहिनीचा मला फोन आला. तिला बापूजींच्या गादीखाली गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली होती. ती म्हणाली, "शामलाताई, मी विचारलं तर म्हणतात, शामलानंच सांगतलं, चूर्णानं उतरते. तुम्ही गोळ्या बंद करायला सांगितल्या का?" मी घाबरले. दादाचा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हटलं, "नाही गं, मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही दादाला सांगू नका, मला वचन द्या." तिनं दिलं.

पुढच्या रविवारी मी नंदनवनला दादाच्या घरी गेले. बापूजी ओट्यावर बसले होते, शेजारी दोन म्हातारे होते. मी त्यांच्यासमोरच म्हटलं की गोळ्या सोडायच्या नाहीत. बापूजी हसले. "कशाले पोटात रसायन टाकू? मले तर चांगलं वाटून राहिलं."

"तरी घ्या."

"काहून? चूर्ण खोटं हाय का?"

"खोटं नाही. शुद्ध आहे."

"तूच तपासलं ना?"

"मीच तपासलं."

"मंग?"

मी समजवायला गेले की शुद्ध असणं वेगळं आणि पुरेसं असणं वेगळं. त्यांचा चेहरा उतरत गेला. शेजारचे म्हातारे ऐकत होते, आणि त्यांनाही बापूजींनीच डबे घ्यायला लावले होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "मंग इतकी वर्षं तू काय तपासून राहिली बेटा?" वहिनीनं चहा आणला, मी प्यायले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात धर्मेंद्रसाहेबांना विचारलं, आपल्या तपासणीत माणसाची साखर उतरते का हे कुठे असतं? ते आमच्या विभागाचे प्रमुख, वाईट माणूस नाही. म्हणाले, "मॅडम, आपला विभाग मालाचा. पेशंट डॉक्टरचा." डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंच आहे की डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेही मी तपासते, अक्षरं नीट उमटली की नाही.

त्यानंतर मी दर रविवारी विचारत होते आणि ते दर रविवारी "घेऊन राहिलो ना" म्हणत होते. खरं नाही हे मला कळत होतं. वहिनी माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे बघायचे. ऑगस्टमध्ये नव्या चपलेचा अंगठा त्यांच्या डाव्या पायाला चावला. त्यांना दुखलंच नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही. वहिनीला मोज्याचा वास आला तोवर बोटं काळी पडली होती.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? दादा वहिनीकडे वळला. सगळ्यांसमोर ओरडला, "तू घरात बसून करत काय होती? म्हातारा गोया खाते का नाही, एवढंही पाहणं झालं नाही?" वहिनी माझ्याकडे बघून गप्प राहिली. मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते, ताई. तोंड उघडलं नाही.

ऑपरेशननंतर मात्र राहवलं नाही. आठ दिवसांपूर्वी मी बापूजींना सगळं सांगितलं. जानेवारीत मी खोटं बोलले, मला ठाऊक नव्हतं, तुमचा पाय माझ्यामुळे गेला. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू कशाले मनाले लावून घेऊन राहिली? तुही वस्तू चोख होती. वैभवीनं खाण्यापिण्याकडं ध्यान नाही देल्लं, म्हणून झालं." मी पुन्हा सांगितलं, रडून सांगितलं. ते ऐकतच नाहीत. दादाला सांगितलं, तर तो म्हणतो, तू वैभवीला वाचवायला बोलते. शेजारच्या खाटेवर नत्थू म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनाही साखरेचाच त्रास. काल बापूजी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगत होते, "हे माही पोरगी, दवाई तपासते." मी नत्थूकाकांना हात जोडून म्हटलं की तुमच्या गोळ्या सोडू नका. ते हसले. त्यांना वाटलं, मुलगी विनयानं बोलते आहे. सोमवारी मला कामावर जायचं आहे. नवा माल तपासायला आलेला आहे. तो चांगला असेल आणि मी सही करीन, कारण चांगल्या मालावर सही न करायला माझ्याकडे कारण नाही.

हे सगळं तुला लिहिण्याचं कारण सांगते. गेल्या मंगळवारी तू वहिनीला फोन करून "तुमच्या हातानं आमच्या बापाचा पाय गेला" म्हणालीस. फोन ठेवून तिनं बापूजींचे धुतलेले कपडे घडी करून दिले, कोणती पट्टी कधी बदलायची ते मला सांगितलं, आणि बॅग घेऊन उमरेडला माहेरी गेली. दादा आणायला जायचं नाव काढत नाही. मी काल तिला फोन केला, म्हटलं, वहिनी, तुम्ही मला दिलेलं वचन मोडा, सगळ्यांना सांगा. ती म्हणाली, "आता माझं कोण खरं मानीन, ताई?" आणि मग बापूजी जेवले का, ते विचारलं. इथे माझंही कुणी खरं मानत नाही. आता तू एकटी उरलीस. ज्या तोंडानं तिला बोललीस, त्याच तोंडानं तिला फोन कर आणि सांग की हे शामलानं केलं. मला जे म्हणायचं ते रविवारी आलीस की म्हण, मी स्टेशनवर येते. पण आधी तिला फोन कर.

तुझीच,
शामला