त्या घरात झाडतं कोण

उचगाव,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. मीनाआत्यास,
प्रसेनजीतचा सविनय जयभीम, वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला, आता उंबऱ्यापर्यंत तरी चालतीस का? फोनवर तुला ऐकू येत न्हाई आणि माझा फोन मी परवा भिंतीवर आपटला, तेव्हा आता आपल्या दोघांना पोस्टमनचाच आधार. तुझे भाऊ, म्हणजे आमचे पप्पा, माझ्याशी बोलत न्हाईत. त्यामुळं घरात शांतता हाय. आई दोन्हीकडचे निरोप पोचवून दमलीय.

फोन का आपटला ते सांगतो. दर गुरुवारी तुझ्या गुडघ्याची पट्टी बदलायला जी नर्स येते, त्या अक्षताचा साखरपुडा ठरला. तू तिच्या हाताचं एवढं कौतुक करतीस म्हणून मी आजवर तुझ्यापुढं तिचं नावसुद्धा काढलं न्हाई, पण आत्या, दोन वर्षं आम्ही एकाच बसनं कॉलेजला गेलतो. ती नर्सिंगला, मी डिप्लोमाला. तिनं मला एकच अट घातलती, आधी डिप्लोमा पुरा कर, मग घरी येऊन विचार. आणि मी काय केलं ते तुला माहीतच हाय. सरांच्या टेबलावर पान्हा आपटून दुसऱ्या वर्षातनं बाहेर आलो, जुने व्हॅक्यूम क्लीनर गोळा करत बसलो. आता अकरा झालेत. तू म्हणतीस तशी माझी अकरा पोरं.

नवरा कोण, तर कळंब्याचा पृथ्वीराज. बापाचं लॉज, स्वतःची गाडी, आणि बंगल्यात जुन्या वस्तू मांडायची हौस. ग्रामोफोन, पितळी बंब, रॉकेलचा पंखा असलं सगळं. गेल्या महिन्यात अक्षताच्या वडलांसमोर, बाळासोकाकांसमोर, तो हसत म्हणाला की भंगार गोळा करणाऱ्याला पोरगी कोण देणार. ती तिथंच उभी होती. हसली न्हाई, पण बोललीबी न्हाई. आणि आत्या, नशीब बघ, त्याच शहाण्यानं आता माणूस धाडलाय, माझ्याकडचं साठ सालचं लांबुळकं लोखंडी मशीन पायजे म्हणून. रविवारी नऊ तारखेला साखरपुडा त्याच्याच बंगल्यात हाय. पाव्हण्यांसमोर तो ते सुरू करून दाखवणार म्हणं.

मी देणार हाय. परवा, बुधवारी. त्याला सगळं ओरिजिनल पायजे, कापडी वायरसकट. देतो की ओरिजिनल. फक्त पत्र्याच्या आत एका जागी वायर सोलून ठेवलीय. त्या बंगल्यात अर्थिंग न्हाई, शॉक लागला की बंद पडणारी नवी डबीबी बसवलेली न्हाई, मी बघून आलोय. चारशे पाव्हण्यांसमोर पृथ्वीराज पाटावरच्या गणपतीसारखा सजून मशीनला हात लावंल आणि बेडकासारखा उडंल. मरायचा न्हाई गं. नुसता झटका. पण जलमभर लोक त्याला बघून हसतील. मला हसले तसे.

तूच सांगायचीस की तुमच्या काळात करंट लागला की लोक हसायचे. मग एकदा हसूदेत की.

तब्येतीला जप. पट्टी बदलताना तिला काही बोलू नको. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच असू दे.

तुझा भाचा,
प्रसेनजीत


हातकणंगले,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजीत यास,
मीनाआत्याचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद सवयीनं लिहिला, त्याच्यावर जाऊ नको.

तुझं पत्र काल आलं. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. सकाळी अक्षता पट्टी बदलायला आलती. साखरपुड्याचं सांगून लाजली. माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं, तुझी अब्रू राखायला. 

गाढवा, एकच विचारते. त्या घरात झाडतं कोण?

पृथ्वीराज झाडतोय व्हय? त्याचा बाप झाडतोय? साखरपुडा रविवारी, पण गालिचा शनिवारी साफ होणार. मशीन चालतंय का न्हाई हे पाव्हण्यांसमोर पहिल्यांदा बघायला तो काय खुळा हाय? आदल्या दिवशी घरच्या बाईला हाक मारंल, म्हणंल जरा फिरवून बघ गं. आणि लग्न झाल्यावर त्या घरात झाडणार कोण? तुझी अक्षता. तू अकरा मशीनं गोळा केलीस, पुसलीस, पॉलिश केलीस, पण मशीन हातात धरून दुसऱ्याचं घर झाडणारी बाई तुला अकरांपैकी एकातबी दिसली न्हाई.

माझी डाव्या हाताची दोन बोटं वळत न्हाईत. तुम्हा पोरांना मी सांगितलं, कढईतलं तेल उडालं. खोटं. मी ज्या बंगल्यात बावीस वर्षं काम केलं, तिथं एकोणनव्वद साली मालकाच्या पोरानं मशीनची वायर ढिली करून ठेवलीती. दोन दोस्त सोफ्यावर बसवलेते, गंमत बघायला. मी फरशी पुसून, ओल्या पायानं मशीन धरलं. हात सुटंना. ते हसत होते, मला ऐकू येत होतं. तेव्हा ऐकू यायचं. शेवटी माळ्यानं बटण बंद केलं. बाईसाहेबांनी चहा दिला, दोन दिवस सुट्टी दिली, आणि पुढच्या साली नवं मशीन आल्यावर जुनं मला बक्षीस दिलं. तेच तुझं पहिलं मशीन.

तो पोरगाबी म्हणालता, नुसता झटका.

त्या काळात कुणाला अर्थिंग ठाऊक न्हवतं. प्लग बसला न्हाई की काड्यापेटीच्या काड्या खुपसून वायर अडकवायची, बाईला चिटकलं तर बाईच वेंधळी. आता लोक शहाणे झालेत. माझ्या या दोन खोल्यांतसुद्धा कृष्णात वायरमननं ती डबी बसवून दिलीय, इस्त्री जरा बिघडली की टक्कन लाईट जाते आणि मी त्या डबीला हात जोडते. आणि तू, दोन वर्षं तेच शिकलेला, तू उलटा मागं चाललास.

मला चालता येत न्हाई, न्हाईतर येऊन कान धरला असता. तोंडी निरोप धाडला तर गावभर होईल. तुझ्या बापाला, अण्णासोला कळवलं तर तो तुझी तंगडी मोडंल. म्हणून स्पीडपोस्टनं धाडतेय, शनिवारी मिळंल. पत्र वाचून होईपर्यंतसुद्धा थांबू नको. जा आणि ते मशीन घेऊन ये. शनिवारी संध्याकाळपर्यंत तुझा निरोप न्हाई आला तर अण्णासोला मी सगळं सांगणार.

माया आहे म्हणून शिव्या देते, एवढं ध्यानात धर.

तुझी आत्या,
मीनाबाई


उचगाव,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

निरोप शनिवारी संध्याकाळीच पोचला असंल. आता सगळं बैजवार लिहितो. आत्या, तुझ्या तोंडात साखर घालायला पायजे!

तुझं पत्र शनिवारी अकराला आलं. पहिल्यांदा रागच आला. पायरीवर बसून दोनदा वाचलं. म्हटलं, आत्याला काय कळतंय. पण ते ‘झाडतं कोण’ काही डोक्यातनं जाईना. शेवटी पप्पांची मोटारसायकल न विचारता काढली आणि कळंबा गाठलं.

दिवाणखान्यात पाय टाकला आणि बघतो तर काय. त्यांच्याकडची कामवाली बनाबाई, साठीची असंल, नुकतीच फरशी पुसून उठलेली. पाय ओले. मशीनचा जुना गोल प्लग बसत न्हाई म्हणून पृथ्वीराजनं तो कापून टाकायला लावलेला, आणि ती वायरची टोकं भोकात घालून काडीनं दाबत होती. तू लिहिलंस तशीच. दुसरा हात मशीनच्या दिशेनं निघालेला. मी ओरडलो, पण बाई बावरली आणि उलट मशीनच धरायला वाकली. मग मी तिला ढकललं आणि वायर उपसली. तळहाताला भाजलंय, फोड आलेत. खांद्यापर्यंत असा दणका बसला की दात वाजले. नुसता झटका काय असतो ते कळलं.

पृथ्वीराज धावत आला, मला शिव्या द्यायला लागला की जळून आलास, कार्यात विघ्न आणायला आलास. मी काडीनं वायर परत भोकात दाबली आणि टेस्टर मशीनला लावला, सगळ्यांसमोर लाल दिवा पेटला. तिथं बाळासोकाका आणि अक्षता दोघं होते, सजावट बघायला आलेले. आणि तेव्हा तो दीडशहाणा काय म्हणाला असंल? म्हणाला की बनाबाईला काही झालं नसतं, असल्या बायकांना सवय असते.

आत्या, ते ऐकून अक्षताचं तोंड बघायला पायजे होतंस. बनाबाईचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं, नाडी बघितली, पाणी दिलं, आणि बापाला म्हणाली की चला. रविवारचा साखरपुडा मोडला! पृथ्वीराजच्या बापानं मांडववाल्याला परत पाठवलं म्हणं. चारशे पाव्हण्यांना फोन करून करून त्यांचा घसा बसला असंल. मी ठरवलं होतं त्यापेक्षा दहापट भारी झालं. त्याला हात न लावता त्याचा पार कचरा झाला.

आणि काल बाळासोकाका स्वतः आमच्या घरी आले. माझा भाजलेला हात हातात घेऊन म्हणाले की पोरा, तुला आम्ही वळखलं न्हाई. पप्पा तर चार महिन्यांनी माझ्याशी बोलले. अक्षतानं मलम धाडलं, कसं लावायचं त्याची चिठ्ठी लिहून. चिठ्ठी मी पाकिटात ठेवलीय.

वायर मी सोललेली, हे कुणाला ठाऊक न्हाई. मी सांगितलं, उंदरानं कुरतडली असंल. शेवटी कुणाचं वाईट झालं? बनाबाई ठणठणीत हाय. तेव्हा तूबी ते पोटात ठेव. या गुरुवारी ती पट्टीला आली की तूच विषय काढ. तुझा शब्द ती मोडायची न्हाई. परत पुढं शिकायलाबी मी तयार हाय, तसंबी सांग.

पेढे घेऊन येतो. तुझा लोभ आहे तोवर मला कुणाची भीती न्हाई.

तुझा लाडका,
प्रसेनजीत


हातकणंगले,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजीत यास,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. हाताला खोबरेल लावू नको, पू धरतो. तू धावत गेलास, बाईला ढकललंस, स्वतःचा हात घातलास, ते मी मोठंच मानते. माझ्या वेळी माळी सोडून कुणी उठलं न्हवतं.

पण उंदरावर घातलंस ते मला पचलं न्हाई.

तू लिहितोस, कुणाचं वाईट झालं. अरे, बनाबाई तुला रोज हात जोडत असंल. कुणाला जोडती हे तिला ठाऊक न्हाई. आणि अक्षतानं एक माणूस सोडला, कारण तो बनाबाईला माणूस समजत न्हाई. त्याच्या जागी ती आता कुणाला बसवणार? त्यानं नुसतं तोंडानं म्हटलं. तू वायर सोलून ठेवलीस.

त्या बंगल्यातल्या पोराला पुढं कुणीच काही विचारलं न्हाई. त्याचं लग्न झालं, मला कार्यात भांडी घासायला बोलावलं, मी गेले. नवरी माझ्याशी गोड बोलली, तुमच्या बोटांना काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, तेल उडालं. त्या बाईला मी त्या दिवशी फसवलं असं मला आजवर वाटत आलंय. तुला वाटलं, मला तू पुन्हा तसंच, अक्षताला फसवायला सांगशील आणि मी फसवीन.

काल गुरुवार होता. अक्षता आली. पट्टी बदलून झाल्यावर मी तुझी दोन्ही पत्रं तिच्या हातात दिली. तीन तारखेचं आधी वाच, मग अकराचं, असं सांगितलं, आणि माझ्या बोटांचं खरंबी सांगितलं. खुर्ची खिडकीपाशी ओढून तिनं वाचली. मध्ये एकदा परत पहिल्या पत्रावर गेली. रडली न्हाई. तिनं आधी माझा डावा हात घेतला आणि ती दोन बोटं वाकतात का बघितली. मग म्हणाली की आत्या, तुम्हाला हे सहा तारखेच्या आधीच कळलेलं, आणि सहाला मी इथंच होते. ते माझ्या वाट्याचं हाय, ते मी भोगीन.

पत्रं ती घेऊन गेलीय. परत मागू नको.

जाताना विचारून गेली की तू रविवारी घरी असतोस का. मी म्हटलं, असंल. ती एकटी येणार न्हाई, बनाबाईला घेऊन येणार हाय. पत्रं तिच्यासमोर वाचून दाखवायची म्हणते, तुझ्याच तोंडानं, बनाबाईला वाचता येत न्हाई म्हणून. अण्णासोला मी काही कळवलेलं न्हाई, ते तू रविवारच्या आत कळव.

पळायचं मनात आलं तर तुझी गाठ माझ्याशी हाय, गुडघा असो नसो. दार आईला उघडायला लावू नको. तू उघड.

आशीर्वाद रविवारनंतर लिहीन.

मीनाबाई