बाटलीवरची शेवटची ओळ

दि. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. बाबांना आणि वहिनीलाही सांग. फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू लगेच "बरं, ठेवू का?" म्हणतोस आणि माझं सांगायचं राहून जातं.

मी बरी आहे. खोलीतला नळ एकदाचा गळायचा थांबला. नखांत गोंद भरलाय, तो काही केल्या निघत नाही. अक्षर सांभाळून घे.

गोंदाचं कारण असं, की सोमवारी आमच्या कारखान्यात सरकारी तपासणी आली. त्यांच्या प्रमुख एक बाई आहेत, चष्म्याला दोरी लावणाऱ्या. त्यांनी आमच्या टॉनिक वाइनची बाटली टेबलावर ठेवली आणि लेबल मोठ्यानं वाचलं. भूक वाढवते, रक्त शुद्ध करते, सांध्यांना आराम देते. मग मालकांना म्हणाल्या, "तुम्ही दारू विकता की दवाखाना चालवता?" मालक हसले. बाई हसल्या नाहीत. दारूच्या बाटलीवर औषधी गुण छापायचे नाहीत, असा हुकूम निघालाय. विक्री बंद, आणि आठ दिवसांत सगळी लेबलं उतरवायची. आम्ही सगळ्या जणी गरम पाण्याच्या टबात बाटल्या बुडवून बोथट सुरीनं लेबलं खरवडतोय. सगळा मजकूर माझाच होता, त्यामुळे बायका माझी थट्टा करतात. "तुझं साहित्य चाललं गं गटारात," म्हणतात.

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पुढचं नाही.

बाईंकडे दोन वर्षांपूर्वीची एक तक्रार होती. कुणीतरी लिहिलं होतं, की या बाटलीवर "मधुमेह असणाऱ्यांनाही चालते" असं छापलेलं होतं. मालक म्हणाले, "छे, असं आम्ही कधी छापलंच नाही." कारखान्याच्या फाइलमध्ये ते लेबल नाही. ते मालकांनी तेव्हाच गुपचूप बदललं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

दादा, ती ओळ मी लिहिली होती.

तेव्हा नवी बाटली जरा उंच आली होती. लेबल लांबलं आणि खाली एका ओळीची जागा मोकळी राहिली. मालक म्हणाले, "बोडकं दिसतंय, काहीतरी टाक." मी कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही, कुठलं पुस्तक उघडलं नाही. जागेत मावेल असं काहीतरी हवं होतं, ते मावलं. चहा संपायच्या आत काम झालं.

महिन्याभरानं तुझा फोन आला. बाबांचे गुडघे धरलेत, तुमची बाटली द्यायची म्हणतोय, पण त्यांना शुगर आहे, देऊ ना? वर तू ती ओळ मला वाचून दाखवलीस. मी म्हणाले, "लिहिलंय म्हणजे चालत असेल." जणू दुसऱ्याच कुणी लिहिलं होतं. जन्मात दारूला न शिवलेला माणूस चमच्यावरून अर्ध्या कपावर आला. आता हेच औषध, म्हणून गोळ्या सोडल्या. पुढे पायाची जखम आणि कापावी लागलेली दोन बोटं, ते तुला मी काय सांगू.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी दिलं? तू खाली मान घालून "मी" म्हणालास. आणि मी सगळ्यांसमोर तुला झापलं, "छापलेलं सगळं खरं मानतोस का रे?" ते वाक्य मला रोज आठवतं. त्या दिवसापासून तू बाबांच्या डोळ्याला डोळा देत नाहीस, हे वहिनीनं मला सांगितलंय. तरी मी गप्प बसले. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरी भीती बाबांची होती. ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्या शहाणीचं लिहिलेलं छापून येतं.

आता तुझ्याकडे एक काम आहे. बाबा मालिशचं तेल ज्या बाटलीत ठेवतात, ती तीच आहे. मागच्या खेपेला मी पाहिली. लेबल तेलकट झालंय, पण शेवटची ओळ वाचता येते. ती धुऊ नकोस. तेल दुसऱ्या कशात तरी काढ आणि बाटली कापडात गुंडाळून ठेव. मी काल त्या बाईंच्या कचेरीत जाऊन जबाब दिला. ओळ कुणी लिहिली, कुणी छापायला लावली, सगळं सांगून सही केली. त्या म्हणाल्या, बाटली मिळाली तर मालकांना नाही म्हणता येणार नाही. मलाही नाही म्हणता येणार नाही, हे मी त्यांना विचारून घेतलंय.

रविवारी सकाळी बाटली न्यायला येते. बाबांना तू काही सांगू नकोस. त्यांच्यासमोर बसून मीच सांगेन, आणि तेव्हा तू त्याच खोलीत थांब. दोष तुझा नव्हता, हे त्यांनी माझ्या तोंडून आणि तुझ्यादेखत ऐकायला हवं.

वहिनीला म्हणावं, जेवणाचं बघू नकोस. बस म्हणालात तर बसेन.

तुझी,
बाबा अजून जिला शहाणी म्हणतात ती
(रविवारपर्यंत)