शाफ्टच्या मधला तुकडा

आप्पा, काल थापताना एक भाकरी जाड झाली. वरून छान भाजली, पापुद्राही सुटला, मोडली तर आत कच्ची. तुम्ही असता तर बोलला नसता, नुसतं माझ्याकडे बघितलं असतं. तुमचं ते बघणं मला कधीच सोसलं नाही.

कारेगावच्या कारखान्यात तुम्ही भट्टीवर, मी प्रयोगशाळेत. शिरूरहून एकाच बसने जायचो. पंपाच्या जाड शाफ्टची ती पहिली ऑर्डर. स्टेनलेस स्टीलच, पण भट्टीत दोनदा तापवून कडक करायचं. त्याच पोलादाचा अंगठ्याएवढा तुकडा शाफ्टबरोबर भट्टीत ठेवायचा आणि मग झुलत्या हातोड्याच्या यंत्रावर मोडून बघायचा, ही आमची पद्धत. तुकडा चिवट निघाला की शाफ्टही चिवट. तुम्ही टोपी काढून माझ्या टेबलाशी उभे आहात. "बारका तुकडा लगीच गार हुतो. शाफ्ट मांडीएवढा हाय, त्येच्या पोटापतुर गारवा जायला येळ लागतो. तसलं पोट चिवट ऱ्हात न्हाई. शाफ्टच वीतभर जादा ठिवा आन् त्येच्या मधला तुकडा मोडून बघा. जाड भाकर आत कच्ची ऱ्हाती, बाय." शेजारच्या टेबलावरचे दोघे इंजिनिअर हसले. मीही हसले, वर म्हणाले, "आप्पा, कडकपणा आतबाहेर सारखाच भरतोय, मोजलाय मी. हे स्वयंपाकघर नाही." तुम्ही म्हणालात, "व्हय, मॅडम." त्यानंतर कारखान्यात तुम्ही मला कधी बाय म्हटलं नाही. पोटाला चिमटा घेऊन मला कॉन्व्हेंटात घातलंत, तिथलं फाडफाड बोलणं मी पहिल्यांदा तुमच्यावरच चालवलं.

वर्षाच्या आत शाफ्ट गिऱ्हाइकाकडे मोडला. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, भट्टीवाल्याने तापमान पाळलं नाही. भट्टीचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे त्या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. आजही आठवलं की चीड येते. पण मी तरी काय बोलले? "आमच्या तुकड्याचे आकडे बरोबर आहेत." खोटं नव्हतंच ते. तुम्हाला भट्टीवरून काढून गोदामात बसवलं.

मग मी मोडक्या शाफ्टमधून तुकडे कापले. कडेचा तुकडा मोडताना हातोडा अडखळला. मधला मोडून तो जवळजवळ पूर्ण वर गेला, वाटेत काही आलंच नसल्यासारखा. कडकपणा दोन्हींचा सारखा. त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही हळूच विचारलंत, "मधला मोडून बघितलास का गं?" मी म्हणाले, "अजून व्हायचंय." तुम्ही मीठ मागितलंत.

पुढे जाड मालाचा तुकडा त्या मालाच्याच मधून काढायचा, असा नियम झाला. सुधारणेबद्दल मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. "कशापायी दिलं?" तुम्ही विचारलंत. "चांगल्या कामाबद्दल," मी म्हणाले. तुम्ही स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकलात, आणि शेवटपर्यंत दर रविवारी चर्चला निघताना त्यावरून आपलं मनगटी घड्याळ लावत राहिलात.

साहेबांना मी जन्मभर नावं ठेवली. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. नियमासाठी भरलेल्या फॉर्मवर एक रकाना होता, सूचना कोणाची. तिथे मी माझं नाव लिहिलं.